सेरवा मावशीच्या खाटेवरचा पत्रा

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. मी हातोडी आहे आणि माझं चांगलं वय झालेलं आहे, पण खिळे ठोकायची हातोडी मी नव्हे. मी चामड्याची. माझं तोंड रुंद आणि गुळगुळीत. ओलं चामडं बसवायचं, कडा दाबायच्या, डिंक लावलेले दोन थर एकजीव करायचे, हे माझं काम. माझ्या मालकाला हे पुरतं ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्याने माझ्याकडून जी कामं करून घेतली, ती आठवली की आजही माझं डोकं तापतं.

कुमासी शहरात, सुआमे वस्तीतल्या लोहारांकडे माझा जन्म झाला. मोडीत निघालेल्या एका लॉरीचा आस तोडून त्यातल्या तुकड्यापासून त्यांनी मला घडवलं. याव बोआहेन नावाच्या चपलाकाराने मला निवडलं आणि पेरूच्या फांदीचा दांडा बसवला. बोआहेन अहेनेमा बनवायचा. अंगावर मोठं कापड पांघरून मयताला किंवा दरबारात जाताना ज्या रुंद, चपट्या चपला घालायच्या, त्या अहेनेमा. आमच्याकडे शनिवारी कुठे ना कुठे मयताचा सोहळा असतोच, त्यामुळे गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. लोक आमच्या चपलेवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "बोआहेन, हातोडीचा घाव कुठे दिसतच नाही की रे." त्या वेळी मला किती अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

दुकान होतं घराच्या पुढच्या खोलीत, आणि सगळी पीडा त्या घराचीच. घर बोआहेनच्या आईच्या घराण्याचं. मध्ये अंगण, भोवताली खोल्या, वर गंजके पत्रे. इथे घर आईच्या रक्ताने चालतं, मामाकडून भाच्याकडे जातं, बापाच्या मुलांचा त्यात वाटा नसतो. एवढ्या भाच्यांचं आणि मावश्यांचं घर, म्हणजे हक्क सांगायला सगळे पुढे आणि दुरुस्तीला कोणी नाही. एकट्या वाळवीने तेवढं मन लावून काम केलं.

बोआहेनला पडकं काही बघवत नसे. "सुतार कशाला, मीच करतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बिजागरी तुटली, लावला चपलेचा पट्टा. मोरीचा पाइप फुटला, गुंडाळलं टायरचं रबर. ते दार चामड्यावर असं लोंबायचं की उघडताना उचलून धरावं लागे. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असायचं आणि हा हातात मला घेऊन अंगणात कुठल्या तरी फटीत डोकं घालून उभा. त्याची बायको डुफी म्हणायची, "चपला करणारा नवरा केला म्हणून आईला सांगितलं होतं मी. आता विचारलं तर काय सांगू, डोक्यावर कोळ्याची जाळी घेऊन फिरतो म्हणून?"

हे सगळं मी चालवून घेतलं. पण एक दिवस त्याला खिळ्यांची हातोडी सापडेना, आणि त्याने माझ्या तोंडाने खिळा ठोकला. त्यानंतर दुसरा, मग तिसरा. माझ्या गुळगुळीत तोंडावर खड्डे पडले, आणि ते खड्डे चामड्यावर उमटू लागले. दरबारात ढोल वाजवणारं एक जुनं गिऱ्हाईक आलं, चप्पल उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "काय रे, हिला देवी आल्या होत्या का?" बोआहेनने ती चप्पल परत ठेवून घेतली. मला मात्र त्याने घासलंही नाही, कारण डोक्यात पत्रा होता.

तो पत्रा सेरवा मावशीच्या खोलीवरचा. मावशी म्हणजे बोआहेनच्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवलं. उभा जन्म केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकण्यात गेला, आता गुडघे धरले होते. तिच्या खाटेवरचा पत्रा चाळणी झाला होता. पाऊस आला की ती खाट ओढत भिंतीला न्यायची, तिथेही गळायला लागलं की दाराशी. छातीत कफ भरलेला. त्या पावसाळ्याआधी तिच्या डोक्यावर कोरडं छप्पर घालायचं, एवढाच ध्यास बोआहेनने घेतला होता.

"मावशी, आमच्या खोलीत चल. पोरं खाली झोपतील," तो म्हणाला.

"आणि ही खोली? मी आज उठले की उद्या तुझा तो मावसभाऊ इथे आपली ट्रंक आणून ठेवेल. मग मी मेले तरी ट्रंक हलायची नाही. माझ्या आईची खोली आहे ही. मी भिजेन, पण इथेच."

म्हणजे तीही त्या हक्क सांगणाऱ्यांतलीच. तिच्यावर चिडावं की तिची कीव करावी, मला कळत नसे.

दुरुस्ती करायची तर घराण्याच्या वडीलधाऱ्याला विचारायला हवं. ते म्हणजे ताविया मामा. मामा राहायचे स्वतःच्या पक्क्या घरात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. बोआहेन रीतीप्रमाणे दारूची बाटली घेऊन गेला. मामांनी बाटली ठेवून घेतली आणि म्हणाले, "घराण्याची बैठक बसेल तेव्हा बघू." बैठक काही बसली नाही. बोआहेन दुसरी बाटली घेऊन गेला. तीही राहिली, आणि बैठक पुढच्या मयतापर्यंत ढकलली गेली. घरी येऊन त्याने मला बाकावर असं आपटलं की बाकाला खोक पडली. मी काय केलं होतं?

शेवटी त्याने न विचारता पत्रा आणला, शिडी लावली आणि माझ्याच तोंडाने ठोकून बसवला. खिळ्यांखाली चामड्याच्या चकत्याही घातल्या. त्या रात्री पाऊस झाला आणि मावशी गाढ झोपली. सकाळी तिने बोआहेनला तळलेली केळी आणि शेंगदाणे दिले आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

पण गड्याची चूक झाली होती. पत्रा नवा कोरा. सगळ्या तांबूस छपरात तो एकटा लखलखत होता. गल्लीच्या तोंडापासून दिसायचा. दोन दिवसांत मामा अंगणात हजर.

"हे कोणी केलं?"

"मी केलं, मामा. मावशी भिजत होती."

"मावशी भिजत होती हे मला दिसतं. पण पत्रा कोणाचा हे सगळ्या गावाला दिसतंय. आज तू खिळा ठोकलास, उद्या तुझी पोरं म्हणतील आमच्या बापाचं छप्पर. परवा म्हणतील बापाचं घर."

"पोरांचा काय संबंध? मी बाटली घेऊन आलो होतो. दोनदा."

"बाटलीने छप्पर मिळत नाही. काढ तो."

डुफी मध्ये बोलली, "मामा, माझ्या पोरांना हे घर नको. त्यांना नुसता बाप दुकानात बसलेला पाहिजे."

"सूनबाई, हा आमच्या घराण्याचा विषय आहे," मामा तिच्याकडे न बघता म्हणाले.

मावशी दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "काढ रे बाबा. माझ्यावरून भांडण नको."

मित्रांनो, जो पत्रा मी ठोकला तोच मी उचकटला. खिळे उपटायला मला चोचही नाही, पाचर घालून कसंबसं काढावं लागलं. बोआहेनचा अंगठा फाटला. मामा खाली खुर्ची टाकून शेवटच्या खिळ्यापर्यंत बसून होते.

मग डुफीने एक युक्ती सांगितली. "नवा दिसतो ना? मग जुना लाव. गंजलेला आण. कुणाच्या बापाला कळणार नाही." आणि माझा मालक, जो चामड्याचा एक डाग चालवून घेत नसे, तो भंगारवाल्यांकडे गंजका पत्रा शोधत हिंडला. आपल्या छपराच्या रंगाला जुळेल असा! एक पत्रा फार लाल, दुसरा पुरेसा लाल नाही. तिकडे दुकानात कोणाच्या तरी मयताच्या चपला अर्धवट पडलेल्या, आणि सोहळा तोंडावर आलेला. जुळणारा पत्रा मिळाला तेव्हा तो एवढा आनंदला की मला त्याच्या अकलेची काळजी वाटली. जुन्या पत्र्याला जुनी भोकं असतात हे काय सांगायला हवं? त्याने भोकांत चामड्याच्या गुठळ्या कोंबल्या, वर डांबर थापलं. खालून बघून कोणाला काही कळलं नाही. मामा येऊन गेले, त्यांनाही कळलं नाही.

पावसाला कळलं. चामडं पाणी पिऊन फुगलं, मग कुजलं, आणि एकेक गुठळी गळून खाटेवर पडू लागली. बोआहेन पुन्हा वर चढायचा, पुन्हा कोंबायचा. मावशी खाट ओढायची. एका सकाळी पाऊस असूनही खाट ओढल्याचा आवाज आला नाही. डुफी बघायला गेली. मावशीला उचलून दवाखान्यात नेलं, पण ती परत आली नाही.

आता पुढचं ऐका. इथल्या रीतीप्रमाणे मयताला घाई करत नाहीत. माणसाला दवाखान्याच्या थंड खोलीत ठेवतात आणि आधी घर तयार करतात, कारण शेवटच्या दिवशी त्याला त्याच्या घरी सजवून ठेवायचं असतं आणि दूरदूरचे पाहुणे बघायला येतात. जी बैठक कधी बसत नव्हती ती दुसऱ्याच दिवशी बसली. हॅम्बर्गचे भाचे येणार, लंडनची भाची येणार, घराण्याची अब्रू आहे. सुतार आले. वाळवीचे वासे निघाले, नवे बसले. सगळं छप्पर बदललं, एक गंजका पत्रा ठेवला नाही. भिंतींना पिवळा रंग लागला, दाराला पितळी बिजागऱ्या आल्या. मामा स्वतः उभे राहून काम करून घेत होते आणि ओरडत होते, "सेरवाच्या खोलीकडे नीट बघा. तिथे एक भोक राहता कामा नये."

बोआहेन त्या सगळ्या दिवसांत दुकानातून बाहेर आला नाही. मावशीसाठी चपला करत बसला होता. त्याने मला दगडावर तासन्तास घासलं, पण खड्डे खोल होते. काही केल्या पुरते गेले नाहीत.

सोहळ्याच्या सकाळी मावशीला आणलं. तिच्याच खोलीत पितळी पलंगावर झोपवलं. केंटेचं रंगीत विणलेलं कापड नेसवलं, गळ्यात सोन्याच्या माळा, पायांत नव्या चपला. दारावर लाल-काळं कापड ठोकायला मला आणलं होतं, पुन्हा खिळेच, आणि मग खिडकीत विसरले, म्हणून मी हे पाहिलं. पाहुण्यांची रीघ लागली असताना आभाळ भरून आलं आणि पाऊस कोसळू लागला. नव्या पत्र्यावर आवाज असा की रडणंही ऐकू येईना. सगळ्यांचं लक्ष वर गेलं. ताविया मामा पलंगाच्या उशाशी उभे होते. हॅम्बर्गच्या भाच्याला छपराकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ. एक थेंब नाही."

बोआहेन पायथ्याशी उभा होता. तो म्हणाला, "मामा, जरा मोठ्याने सांगा. तिला ऐकू जाऊ दे."

आमच्याकडे गेलेल्या माणसाशी बोलायची रीत आहे. निरोप देतात, तक्रारी सांगतात. त्यामुळे त्याच्या बोलण्यात बाहेरून वावगं काहीच नव्हतं. मामांनी तोंड उघडलं. ते मावशीकडे वाकले. मग खांद्यावरचं कापड सावरत ते पाहुण्यांच्या मागे सरकले.

सोहळा झाला. खोलीला कुलूप लागलं, किल्ली मामांकडे गेली. आता तिथे गळत नाही. पण तिथे कोणी झोपतही नाही.

मित्रांनो, मी साधी हातोडी. माझं तोंड गेलं त्याचं मला वाईट वाटतं, नाही असं नाही. पण माझ्यासाठी हे मागत नाही. तुमच्या घरात कोणी म्हणालं की अंगावर पाणी पडतंय, तर आधी शिडी लावा. घर कोणाचं आहे ते मग सगळे कोरड्यात बसून ठरवा, आणि जो भिजत होता त्यालाही त्या बैठकीला बसवा.