शेवाळी लोकर

टेलिफोन खात्यात सारी नोकरी केली म्हणून गल्लीत तिला सगळे टेलिफोनबाईच म्हणत. निवृत्तीनंतर तिचा डावा हात अचानक लुळा पडला. औषधांनी बराचसा परत आला, पण बोटांना पकड राहिली नाही. कप उचलायचा म्हटलं तरी आधी बोटांची मनधरणी करावी लागे.

वरच्या मजल्यावर राहणारी धाकटी जाऊ त्या थंडीत तिला वर्गाला घेऊन गेली. "चला हो ताई, घरात बसून भिंतींना किती दिवस कंटाळा आणणार?" वाचनालयाच्या वर मोठी खोली होती. सकाळी तिथे चित्रकला चाले आणि दुपारी विणकाम नि शिवणकाम. इस्पितळातल्या नवजात बाळांसाठी टोप्या, दुपटी, उशांचे अभ्रे. विणकामाचं टेबल मास्तरीणबाईंच्या ताब्यात होतं. शाळा सुटून वर्षं झाली तरी त्यांचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचत असे.

टेलिफोनबाई तिथे रमली. सकाळी हात रंगांनी माखायचे, दुपारी मांडीवर लोकर. सगळ्याजणी एकमेकींच्या सुनांची गाऱ्हाणी ऐकून हसत. ती जुन्या नोकरीतले किस्से सांगे आणि टेबल दणाणून जाई. डावी सुई ती काखेत दाबून धरी आणि उजव्या हाताने टाके घेई. पहिली टोपी झाली तेव्हा मास्तरीणबाईंनी ती उंच धरून सगळ्यांना दाखवली. "बघा, शिका काहीतरी!" टाळ्या पडल्या. काही दिवसांनी जावेनं इस्पितळातून आलेला एक फोटो आणून दिला. पांढरी टोपी घातलेलं मुठीएवढं बाळ. "ताई, तुमचीच टोपी." तिने तो उशाशी ठेवला आणि परगावच्या मुलाला फोन करून त्या बाळाचं इतकं वर्णन केलं की त्याने विचारलं, "आई, आहे कोणाचं ते?"

मग तिने शेवाळी रंगाची लोकर घेतली. "बाळाला शेवाळी कोण घालतं?" म्हणून सगळ्यांनी नाकं मुरडली, म्हणून तर तिने मुद्दाम घेतली. टोपी पुरी करून मास्तरीणबाईंच्या हाती दिली, तेव्हा पुन्हा वाहवा झाली.

पुढच्या आठवड्यात तिला कात्री हवी होती. जाऊ चहा आणायला गेली होती. जावेच्या पिशवीत हात घातला तर कात्रीच्या आधी लोकरीचा गुंडा हाताला लागला. शेवाळी. आणि कुरळा. विणून उसवलेली लोकर सरळ राहत नाही, टाक्यांची वळणं धरून बसते. शेजारीच सुयांवर अर्धी टोपी होती, त्याच लोकरीची, टाके कसे एकसारखे.

जाऊ चहाचे पेले घेऊन आली आणि जागीच थांबली.

"ही माझी टोपी ना?"

"छे हो ताई, दुकानातच अशी मिळाली."

"कुरळी?"

जाऊ मास्तरीणबाईंकडे बघायला लागली. त्यांनी चष्मा काढून पुसला. "टेलिफोनबाई, टाके फार निसटत होते हो. धुतल्यावर टोपी हातात आली असती. म्हणून आम्ही जरा..."

"सगळ्याच टोप्या?"

जावेने पेले टेबलावर ठेवले.

"ती फोटोतली?"

"ती मी विणली," जाऊ म्हणाली. "पण लोकर तुमचीच होती."

टेलिफोनबाईने टेबलाभोवती नजर फिरवली. एकेक मान खाली जात गेली. म्हणजे अख्ख्या टेबलाला ठाऊक होतं. तिने शाल घेतली आणि भिंतीला धरून एकटीच जिना उतरली.

संध्याकाळी जाऊ खाली आली. टेलिफोनबाईने तो फोटो तिच्या हातात ठेवला. "घे, तुझं आहे."

"तुमचं मन मोडलं असतं, ताई."

"डॉक्टर तोंडावर म्हणाले, हात पूर्ववत होणार नाही. ऐकलं, घरी आले, जेवले. टोपी वाकडी आहे हे ऐकून काय जीव देणार होते?"

"तुम्ही इतक्या खूश होतात..."

"होते ना. आणि तुम्ही सगळ्या मिळून ते बघत होतात. मी गेल्यावर उसवत होतात का गं? एक ओढणार, दुसरी गुंडाळणार? माझे किस्से तरी खरंच आवडायचे, की तेही चालवून घेत होतात?"

"असं नका ना बोलू." जाऊ रडायला लागली. एरवी तिच्या डोळ्यांत पाणी आलं की टेलिफोनबाई आधी पदर पुढे करी. आज ती ताट-वाट्या लावत राहिली.

तिने वर्ग सोडला नाही. तेवढ्यासाठी घरी बसायला ती तयार नव्हती. मात्र विणकामाचं टेबल सोडून खिडकीजवळच्या शिलाई मशीनवर गेली. उशांच्या अभ्र्यांची सरळ शिवण पाय नि उजव्या हातावर निभत होती. पहिला अभ्रा झाल्यावर एक कड काखेत दाबून उजव्या हाताने ताणून बघितला, उलटा करून बघितला, मग गठ्ठ्यावर ठेवला. कोणाला दाखवला नाही. मास्तरीणबाई मुद्दाम जवळ येऊन "छान हो" म्हणाल्या, तेव्हा तिने मशीन आणखी जोरात चालवलं.

जावेशी बोलणं बंद झालं नाही. एका जिन्याच्या दोन टोकांना राहून ते होतही नाही. दूध, गॅस, पाण्याची टाकी, सगळं पूर्वीसारखंच. पण जाऊ कशालाही छान म्हणाली की टेलिफोनबाई घुटमळे. उन्हाळ्याच्या तोंडाला तिने नवा चष्मा केला. जाऊ म्हणाली, "ताई, काय शोभतो हो तुम्हाला!" त्याच दुपारी टेलिफोनबाई परत चष्मेवाल्याकडे गेली आणि त्याला विचारलं, "खरंच शोभतो का?"

तोही हो म्हणाला. पण चष्मा त्यानेच तर विकला होता.