न घेतलेलं नाव

अल्वीनाआत्यानं आपल्याच आदिवासी जमातीच्या कौन्सिलविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल कोर्टात अर्ज केला आणि कौन्सिलची वकील म्हणून उभं राहायची पाळी तिच्या भाचीवर, नडीनवर आली. सोमवारी नदीकाठच्या जुन्या दफनभूमीवर बुलडोझर फिरवून तिथे कसिनोचं पार्किंग होणार होतं. ते थांबवा, एवढंच आत्याचं म्हणणं. तिथे एकही खूण नव्हती, कारण थडग्यावर दगड ठेवायची त्यांच्यात रीतच नाही. कौन्सिलनं जागा मोकळी म्हणून ठरवून टाकली. त्या मोकळ्या जागेत नडीनचा बाप पुरलेला होता.

वीस वर्षं नडीननं एकच भिंत राखली होती. जमात सार्वभौम आहे, तिच्या संमतीवाचून तिच्यावर दावा चालत नाही. राज्य सरकार आणि लाकूड कंपन्या याच भिंतीवर डोकं आपटून परत गेल्या होत्या. आज आत्यासाठी भगदाड पाडलं, तर उद्या तेही त्यातून घुसणार. हे तिला मनापासून पटत होतं, आणि पटतंय याचाच संताप येत होता.

जज्जसाहेब मवाळ होते. ‘‘आजी, कधीच भरून येणार नाही असं नुकसान दाखवावं लागेल. तिथे कोण पुरलंय? नावं सांगा.’’

आत्यानं ओठ घट्ट मिटले. गेलेल्याचं नाव घेतलं की तो परलोकाच्या वाटेवरून मागे फिरतो आणि भटकत राहतो, असं नडीन लहानपणापासून ऐकत आली होती. साहेबांनी तीनदा विचारलं. आत्यानं ब्र काढला नाही.

‘‘वकीलबाई, तुम्हाला काही माहीत आहे?’’

ही रीतीपायी गप्प आहे, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. नाव घ्यायचीही गरज नव्हती.

‘‘जमात सार्वभौम आहे,’’ ती म्हणाली आणि खाली बसली.

अर्ज फेटाळला गेला. दावा चालत नाही. चालला असता तरी नुकसान सिद्ध झालेलं नाही.

बाहेर आत्या काठी टेकत थेट तिच्याकडे आली. आता चार लोकांत उद्धार होणार, म्हणून नडीन अंग चोरून उभी राहिली. आत्यानं तिचा हात धरला.

‘‘तुलाही विचारलं गं मेल्यानं! बापाचं नाव अगदी ओठावर आलं असेल ना?’’

‘‘आत्या, मी...’’

‘‘गिळलंस. शहाणी माझी बाय. जमीन गेली, पण माझा भाऊ वाट चुकला नाही. त्याच्यासाठीच गप्प राहिलीस ना?’’

नडीननं मान खाली घातली.

‘‘हो,’’ ती म्हणाली.