हद्दीला बांधलेली तार

मी तार. लांबूनच ऐका. हात लावलात तर विजेच्या झटक्यानं कोपरापर्यंत झिणझिण्या येतील, आणि मग मला शिव्या द्याल. द्या. शिव्या ऐकून मी मोठी झाले आहे.

पांढऱ्या प्लॅस्टिकच्या दोऱ्यांत पोलादाचे केस वळून मला घडवलं. देखणी नाही मी. चक्रीवर गुंडाळून ताकुआरेंबो शहरातल्या एका दुकानात टांगली होती, तिथून डॉन एलेउतेरियोनं मला उचललं. इकडे डॉन म्हणजे ‘राव’, गुंड नव्हे. मोजकं बोलणारा म्हातारा. त्याची एकशेवीस गुरं, मांसासाठी पाळलेली. शेवटी ती खाटकाकडे जायची, हे तो कधी लपवायचा नाही. "पण जाईस्तोवर गवतच खातील, आणि पोटभर खातील," एवढाच त्याचा धर्म.

तो धर्म पाळायला मी. सगळं कुरण त्यानं तीस पट्ट्यांत वाटलं होतं. रोज सकाळी मातेच्या पानांचा कडू काढा पिऊन झाला की मला सोडायचा, गुंडाळायचा, पुढच्या पट्ट्याला ताणायचा. आज चरलेल्या पट्ट्याची पाळी पुन्हा महिन्यानं. तोवर गवताला दम खाऊ द्यायचा, नाहीतर मुळंच मरतात. पलीकडचं लुसलुशीत गवत दिसायचं, पण माझ्यामुळे मिळायचं नाही, म्हणून गुरं माझ्यावर दात खाऊन असायची. मी चावले म्हणून कुरण हिरवं राहिलं. कुणी आभार मानले नाहीत. नकोच होते.

म्हातारा गेला. मागे राहिली थोरली डेल्मिरा आणि धाकटा विल्मार. बापाच्या देखत एकाच भोपळ्याच्या पेल्यात नळी घालून आळीपाळीनं माते पिणारी ही भावंडं, महिन्याभरात एका चुलीवर दोन किटल्या ठेवू लागली. विल्मारला सगळी गुरं ओढ्याकाठी बसवून झटपट पुष्ट करायची होती. डेल्मिराला बापाची पाळी मोडायची नव्हती.

"गवताला विश्रांती हवी म्हणे! मग त्याला खाट टाकून दे, ताई."

"तुलाच टाकली होती ना जन्मभर? काय उगवलं?"

वाटणी झाली. गुरं निम्मी निम्मी. आणि हद्द म्हणून मध्ये ताणलं कुणाला, तर मला. एक टोक तिनं धरलं, एक त्यानं. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

रोज हलणारी मी. चार महिने झाले, एका जागी उभी आहे.

डेल्मिराच्या वाट्याला टेकाडाचं गवत आलं, पाणी नाही. विल्मारच्या वाट्याला ओढा आला; गवत त्याच्याकडेही होतं, पण दीड महिन्यात त्यानं ते मातीपर्यंत चारून संपवलं. त्यात पाऊस रुसला. डेल्मिरा ट्रॅक्टरवर टाकी लादून विहिरीचं पाणी टेकाडावर नेते, आणि निम्म्या गुरांतच टाकी कोरडी पडते. इकडे भरल्या गवतात तहानलेली गुरं, तिकडे वाहत्या पाण्यात भुकेली. मागच्या आठवड्यात इकडे एक कालवड आडवी झाली, ती उठलीच नाही. तिकडे दोन. "पाणी दे, गवत घे," एवढं म्हणायला दोघांपैकी एकाचीही जीभ उचलत नाही. गुरांचं सोडा, या दोघांना चावायला माझे दात शिवशिवतात.

आता माझंच ऐका. माझ्या खाली कुणी तोंड घालत नाही, त्यामुळे तिथं हातभर रुंदीचं गवत माजलंय. ओलं गवत मला टेकलं की माझी वीज थेट जमिनीत जाते. परवा विल्मार विळा घेऊन आला.

"थांब!" डेल्मिरा टेकाडावरून ओरडली. "गवत माझ्या बाजूचं आहे."

"मुळं माझ्या बाजूला आहेत, डेल्मिराबाई."

"मग मुळं खा. पात्याला हात लावलास तर याद राख."

"अगं, तारेत जोर राहिला नाही तर तुझी तहानलेली धेंडं माझ्या ओढ्यात शिरतील!"

"आणि तुझे सांगाडे माझ्या गवतात. बाबांची गुरं होती ती. काय करून ठेवलंस बघ!"

"तूच काप मग."

"मी? तुझा ओढा राखायला मी घाम गाळू? काडीची अक्कल नाही, आणि निघाला हद्द सांभाळायला!"

विळा खांद्यावर टाकून तो गेला. तीही गेली. हातभर गवतासाठी इतकं हलकं भांडण मी जनावरांत पाहिलं नाही, आणि जनावरं मी जन्मभर पाहिलीत.

आज पहाटे दव दाट पडलंय. गवत माझ्या अंगावर चढून बसलंय. लांब खोपटातल्या झटका यंत्राची टिकटिक ऐकू येते, पण अंगात काही पोचत नाही. टेकाडावरची थोराड गाय तोर्कासा, सगळ्या कळपाची म्होरकी, आपलं नाक माझ्यावर टेकवून उभी आहे. मी चावले नाही. मेलीचा विश्वासच बसत नाही. तिच्या मागे तिचा कळप, पलीकडे दुसरा, आणि सगळे डोळे तिच्यावर.

माणसांना मी विनवणार नाही. तोर्कासा, तुलाच सांगते. दहा वर्षं तुला चावत आले, ते तुझ्या पोटासाठीच; माफी मागणार नाही. पण आता मी कुणाच्या पोटासाठी उभी नाही, दोन माणसांच्या हट्टासाठी उभी आहे. तसं जगायचं नाही मला. मी तुटते, हे तुला ठाऊक नाही एवढंच.

बघतेस काय, भवाने? घाल छाती!