कोरडी फरशी

डुकरीण लंगडत होती. महिनाभरात नीट चालली नाही, तर आजींचा मुलगा तिला कळपातून काढणार होता. डॉक्टरीणबाईंनी तिचा खूर दाबून पाहिला.

"आजी, शेड कितीदा धुता?"

"सारखीच. डुकरांचं घर घाण, असं कुणी म्हणायला नको."

"खूर आपल्या नखासारखाच. भिजून मऊ पडतो. फरशी कोरडी राहू द्या."

आजींनी बादली पालथी घातली आणि तिच्यावरच बसून राहू लागल्या. पेंढ्यावर ऊन सरकायचं, धूळ तरंगायची. पाण्यासाठी शिवशिवणारे हात त्या मांडीखाली दाबून धरत.

एका दुपारी झोपलेल्या डुकरिणीचे पाय धावल्यासारखे हलू लागले.

"कुठे निघाली ही?" सुनेनं विचारलं.

"माहेरी," आजी पुटपुटल्या.

डुकरीण उठली आणि न लंगडता टकटक चालत दारात उभ्या आजींच्या मुलापाशी गेली.

"राहू दे हिला कळपात," तो म्हणाला.