पाणआईची दोरी

“जाकीट घाल आई. त्याबिगर नावेत बसू देत नाय.”

देवीच्या भेटीला जाण्यासाठी कुसाबाईने आयुष्यात पहिल्यांदाच नारिंगी जाकीट अंगात चढवले. लुगड्यावरून त्याचा पट्टा आवळताना लहानू आईच्या डोळ्यांकडे पाहत नव्हता. तिच्या हातात हळदीची वाटी होती. राजहंसाच्या आकाराची पायडलची नाव धक्क्यापासून सुटली. रहिवासी उठण्यापूर्वी परतायचे होते. तळ्यावर बाहेरच्यांना मज्जाव होता, आणि तळ्याकाठी जन्मलेली कुसाबाई आता बाहेरची होती.

दर वैशाखात तळे ओसरे, पाणआईचा दगड मानेपर्यंत उघडा पडे आणि लग्नघरची माणसे चिखल तुडवत तिच्याकडे जात. हळद आधी तिला लागे. तिची उष्टी घरी आली की मगच नवरीला. लहानूच्या लेकीची, योगिनीची हळद आज संध्याकाळी होती, आणि पाणआई पाण्याखाली होती.

नाशिकहून आलेल्या निसर्गप्रेमींनी काठावर घरे घेतली, तेव्हा निसर्गाचा उन्हाळ्यातला चिखल त्यांना सोसवेना. सांडव्यावर फळ्या चढल्या, शेतांकडे जाणारी मोरी बंद झाली आणि तळे उन्हाळ्यातही भरलेले राहू लागले. फळ्या बसवण्याचे काम पगारी होते आणि ते लहानूला मिळाले. पुढे एक नाव दगडावर आपटली. खाली काय आहे, असे विचारल्यावर त्याने ‘खडक’ असे उत्तर दिले. देवी म्हटले असते तर तिला उचलून नेतील, या भीतीने तो खोटे बोलला. शिवाय नोकरी नवी होती. मग तिथे धोक्याचा तरंगता लाल गोळा आला. बुडी मारून त्याची पांढरी दोरी दगडाला बांधली, तीही लहानूनेच.

थोड्या फळ्या काढा, हे सांगायला तो गेल्या आठवड्यात सोसायटीच्या सचिव हर्षालीमॅडमकडे गेला होता. खडक नव्हे, देवी आहे, हेही त्याने अखेर सांगून टाकले. मॅडमनी त्याला चहा दिला आणि अत्यंत सहृदयतेने नकार दिला. लोकसंस्कृतीविषयी त्यांना मनस्वी आस्था होती. त्यावर त्यांनी एका परिसंवादात निबंधही वाचला होता. पाण्याची पातळी मात्र रहिवाशांनी विकत घेतली होती. देवीची माहिती देणारा एक सुबक फलक धक्क्यावर लावता येईल, असे त्यांनी सुचवले.

गोळ्याजवळ नाव थांबली. सैल दोरी पाण्यावर लोळत होती.

“कुठं बांधली रे ही?”

“मानेला.”

“घट्ट?”

“घट्ट. नायतर गोळा वाहून जातो.”

कुसाबाईने वाकून पाण्यात पाहिले. “गाईगत दावणीला बांधली व्हय रे तिला.”

तिने दोरी मांडीवर ओढली, लेकराच्या अंगाला लावावी तशी तिला हळद चोळली आणि पाण्यात सोडली.

“तिला पोचली,” ती म्हणाली. “आता उष्टी कशी न्यायची?”

तो नाव वळवू लागला.

आईला मागच्या वाटेने घरी पाठवून तो कामाला लागला, तोच हर्षालीमॅडम कॉफीचा मग घेऊन धक्क्यावर आल्या.

“लहानूदादा, त्या बोयाची दोरी केवढी पिवळी पडलीय. आज माहितीपत्रकासाठी फोटो काढायचेत. नवीन बांधा, जुनी टाकून द्या.”

“हो मॅडम.”

नवी दोरी घेऊन त्याने बुडी मारली. गढूळ हिरव्या पाण्यात मान हाताला लागली. गाठ सुटायला वेळ लागला. सुटली तेव्हा छातीत श्वास उरला असेल तेवढाच काळ पाणआई मोकळी होती. मग त्याने नवी गाठ मारली आणि पाय दगडाला टेकवून ओढली.

वर आल्यावर गोळ्याआड त्याने जुनी दोरी शर्टाखाली कमरेला गुंडाळली.

“घट्ट बसली ना?” धक्क्यावरून मॅडमनी विचारले.

“बसली.”

तो काठावर आला. ओल्या शर्टातून पिवळा डाग हळूहळू वर चढत खिशावरच्या सोसायटीच्या नावापर्यंत पोहोचला होता. लहानूने त्यावर जाकीट चढवले आणि पट्टा आवळला.