एक जमा, निरोपासह

आमच्या लॉंड्रीच्या काउंटरवर एक निळा डबा आहे. गिऱ्हाइकाने फोनवरून पैसे दिले की त्यातून एक बाई बोलते, "अमुक इतके जमा." आवाज अगदी मधाळ. आमचे हे तिचा शब्दही खाली पडू देत नाहीत. ती बोलली की हातातलं काम सोडून मान डोलावतात. मी इतकी वर्षं आतून ओरडतेय की कपडे घेताना खिसे तपासून घ्या, पण माझं बोलणं या कानाने आत जातं आणि त्या कानाने बाहेर. म्हणून मी त्या डब्याचं नाव सवत ठेवलं.

दुकान आमचं दोन खोल्यांचं. पुढे काउंटर, तिथे हे. मागच्या खोलीत मी, वाफेची इस्त्री आणि खळीचं घमेलं. मधल्या भिंतीला एक खिडकी आहे. हे कपड्याला नंबराची चिंधी टाचतात, खिडकीतून आत सरकवतात आणि ओरडतात, "काळा कोट, खळ नको!" मी आतून ओरडते, "कळलं!" दिवसभर हेच चालतं. आमचा संसारही बराचसा त्याच खिडकीतून झाला, आणि अगदीच वाईट झाला नाही.

मग यांनी वेबसाइटवरून इस्त्री मागवली.

सवत आल्यापासून यांना वेडच लागलं होतं. पैसे खिशातून निघताना दिसत नाहीत, त्यामुळे गेल्यासारखे वाटत नाहीत. नुसतं बोट टेकवायचं की वस्तू दारात. आधी मान दाबायचं यंत्र आलं, ते मान सोडून सगळं दाबायचं. मग डासांना पळवणारी घंटी आली, तिच्यावरच डास बसायचे. मी काही बोलले नाही. पण एके दिवशी हे म्हणाले, "तुझ्यासाठी नवी इस्त्री येतेय, निम्म्या किमतीत," तेव्हा मात्र मला बरं वाटलं. माझी जुनी इस्त्री मधूनच थुंकते.

खोकं आलं तेव्हा काउंटरवर वकीलसाहेब उभे होते. आमचं जुनं गिऱ्हाईक, काळा कोट आणि मोठं पोट. त्यांच्यासमोर यांनी ऐटीत खोकं फोडलं. आतून तळहातावर मावेल एवढी इस्त्री निघाली. बाहुलीची. यांनी चित्र बोटांनी मोठं करून करून पाहिलं होतं, लांबी-रुंदी काही वाचली नव्हती.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "छान आहे हो. भातुकलीतल्या लॉंड्रीला लागतेच अशी."

वकीलसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. यांचे कान लाल झाले. एरवी यांनी माझी चेष्टा केली असती, मी यांची केली असती आणि विषय मिटला असता. पण गिऱ्हाइकासमोर झालेली शोभा यांना झोंबली.

"तुला काय कळतंय त्यातलं?" हे म्हणाले. "दुकान माझं, खातं माझं, पाटीवर नाव माझं. तुझं काय आहे इथे?"

वकीलसाहेबांनी हसणं गिळलं आणि कोट घेऊन निघून गेले. मी खिडकी लावून घेतली. गिऱ्हाइकासमोर चेष्टा केली ते चुकलंच, असं मी म्हणणार होते, देवाशप्पथ म्हणणार होते. पण त्या वाक्यानंतर नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा या दुकानात एक टेबल आणि एक कोळशाची इस्त्री होती. तिचा चटका अजून माझ्या मनगटावर आहे. तुझं काय आहे इथे! मला ते फार लागलं. मी तोंडाला कुलूप घातलं, आणि यांनीही मोठ्या तोऱ्यात आपल्या तोंडाला घातलं.

घरात अबोला धरायला काही लागत नाही. ताट आदळलं की एकाला कळतं जेवण झालंय, खुर्ची सरकली की दुसऱ्याला कळतं पोट भरलंय. लॉंड्रीत ते जमत नाही. दुसऱ्याच आठवड्यात वकीलसाहेबांचा कोट पांढऱ्या चादरींच्या गठ्ठ्यातून मुकाट्याने आत आला आणि मी त्याला मुकाट्याने चादरींबरोबर खळ घातली. वाळल्यावर तो कोट हँगरशिवाय उभा राहिला. वकीलसाहेब तो घालून गेले, पण त्यांना दिवसभर बसता आलं नाही म्हणे.

त्यानंतर माझा फोन किणकिणला. बहिणीने कधीतरी माझं एक छोटं खातं उघडून दिलं होतं, त्यात पैसे आले होते. किती, तर एक. फोनवरून पैसे पाठवायच्या त्या सेवेत त्याहून कमी पाठवताच येत नाही. मी त्याला दमडी म्हणते. आणि दमडीखाली 'कशासाठी' म्हणून जी रिकामी ओळ असते, त्यात यांनी लिहिलं होतं, 'निळी पँट. घडी नको.'

साधा मेसेज का नाही पाठवला? तर मेसेज पाठवणं म्हणजे बोलणं झालं. म्हणजे हार झाली. पैसे पाठवणं हा व्यवहार, तो शत्रूशीही करता येतो. यांचं डोकं कसं चालतं ते मला माहीत आहे, कारण माझंही तसंच चालतं. मी ती दमडी परत पाठवली आणि खाली लिहिलं, 'कळलं.' म्हटलं, ज्या खात्यात आपलं काही नाही, त्यातलं फुकटचं कशाला ठेवा?

अशी ती एक दमडी खिडकीतून आत-बाहेर करू लागली. 'गुलाबी साडी, डाग पदरावर.' 'डाग निघणार नाही, आधीच सांगा.' 'जेवायला काय आहे?' 'ताटात दिसेल ते.' आम्ही बोलत नव्हतो, पण आमचा व्यवहार असा जोरात कधीच चालला नव्हता. फोनवर रंगीत कागदांची बरसात व्हायची आणि लिहून यायचं, 'अभिनंदन! तुमचं नातं घट्ट होत आहे.' पाठोपाठ समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात दोघांसाठी सवलत, वासाच्या मेणबत्त्या, आणि 'खास तुमच्यासाठी' म्हणून तीच ती बाहुलीची इस्त्री. आमच्या घरात काय चाललंय ते त्या सेवेला सगळं माहीत होतं, फक्त कळत काही नव्हतं.

महिनाभराने सेवेने आम्हाला 'सोनेरी व्यापारी' ठरवलं. गल्लीत सर्वांत जास्त व्यवहार म्हणे आमच्याच दुकानात. बक्षीस म्हणून नवा डबा आला. यांनी जुनी सवत काढून नवी बसवली, फडक्याने पुसली, आणि तेवढ्यात माझी दमडी तिथे पोचली.

"एक जमा," नवी सवत मधाळ आवाजात बोलली. "निरोप: रात्रभर घोरत होतात. कुशीवर झोपत जा."

काउंटरवर समोरच्या शिक्षिकाबाई आणि शेजारचा बेकरीवाला उभे होते. दोघेही छताकडे बघू लागले. नव्या डब्याला निरोप वाचता येत होता, हे यांना त्या वेळी कळलं आणि मला खिडकीच्या फटीतून कळलं.

बंद करायची सोय असणारच होती. यांनी फोन उघडला, तर आधी गुप्त आकडा विचारला, मग आईचं माहेरचं आडनाव विचारलं, मग चित्रात किती झाडं आहेत ते मोजायला लावलं. यांना झाडं मोजता आली नाहीत. एका झाडाची फांदी दुसऱ्या चौकोनात गेली होती, ती धरायची की सोडायची हे ठरेना.

मी मनात म्हटलं, आयतं कोलीत हातात आलंय. लिहीत राहिले. "निरोप: मोजे बादलीत टाकायचे असतात, बादलीच्या शेजारी नाही." "निरोप: तुमच्या बहिणीचा फोन आला होता. मी बरी आहे म्हणून सांगितलं. खोटं सांगितलं." लोक धुतलेलेच कपडे पुन्हा धुवायला आणू लागले. वकीलसाहेब एकच कोट घेऊन रोज यायचे, म्हणायचे, "सुरकुती पडली आहे बहुतेक," आणि अर्धा अर्धा तास उभे राहायचे. धंदा वाढला. हे शरमेने काउंटरखाली वाकून काही तरी शोधत बसायचे.

गंमत वाटायची, नाही असं नाही. पण मला हवं होतं ते उत्तर येत नव्हतं. त्यातच एका हॉटेलच्या कपडेधुलाई खात्यातून मला बोलावणं आलं. पगार, सुट्टी, नवी न थुंकणारी इस्त्री. पहिल्या तारखेपासून या म्हणाले. मला जायचं नव्हतं. पण जिथे आपलं काही नाही तिथे घाम गाळायचा तर पगारावर गाळलेला काय वाईट?

मी दमडी पाठवली. बाहेर सवत बोलली, "एक जमा. निरोप: हॉटेलात नोकरी मिळतेय. जाऊ का? की इथे माझं काही आहे?"

वकीलसाहेबांचा खोकलासुद्धा ऐकू आला नाही. मी फोन हातात धरून बसले. दमडी परत आली नाही, दुपारी नाही, संध्याकाळी नाही. मी रडले. वाफेत ते कुणाला दिसत नाही, एवढं एक या धंद्याचं बरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खातंच बंद. सवत सारखी एकच वाक्य म्हणू लागली, "व्यवहार स्थगित. कृपया संपर्क साधा." रोकड कुणाकडे नसते हल्ली, गिऱ्हाइकं कपडे बघून परत जायला लागली. दुपारी सेवेकडून एक बाई आली. गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीएवढा फोन, चेहरा शाळा तपासायला आल्यासारखा.

"दोन खाती," ती म्हणाली, "आणि एकच रक्कम दिवसभर इकडून तिकडे. पैशांचा माग लपवण्याची ही जुनी पद्धत आहे."

"लॉंड्रीवर काळ्याचं पांढरं केल्याचा आळ!" वकीलसाहेब आनंदाने म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"अहो, ती माझी बायको आहे," हे म्हणाले.

"कुठे राहतात?"

"खिडकीच्या पलीकडे."

बाईने खिडकीच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं, मग त्या पाटीएवढ्या फोनवर काही तरी टिपलं. "या खात्याशी त्यांचा संबंध काय, ते नोंदवलेलं नाही. ग्राहक, पुरवठादार, कर्मचारी, भागीदार. यांतलं एक सांगा."

"बायको नाही का त्यात?"

"नाही. सोपं सांगू का? 'कर्मचारी' म्हणा. पाच मिनिटांत खातं सुरू होईल. 'भागीदार' म्हटलंत तर दुकानाच्या खात्यावर त्यांचंही नाव चढेल, बरोबरीने. ते मागे घेता येत नाही."

माझ्या हातात शर्ट होता. इस्त्री त्याच्यावर तशीच राहिली. हे काउंटरला धरून उभे होते आणि मला यांची नुसती पाठ दिसत होती. बंडीवर दोन खांद्यांच्या मध्ये मीच घातलेलं ठिगळ होतं. म्हटलं, म्हणाला हा माणूस कर्मचारी, तर मी आत्ता, याच पावली हॉटेलात जाते.

"पगार देता का त्यांना?" बाईने विचारलं.

"पगार कसला?" हे एकदम उसळले. "तिच्या जिवावर तर दुकान चालतं." मग आवाज खाली गेला. "भागीदार लिहा. कालच लिहायचं होतं मला. रात्रभर ते नाव कुठे चढवतात तेच शोधत होतो. पुन्हा ती झाडं आली मध्ये."

मला शर्ट जळल्याचा वास आला. मी इस्त्री उचलली. शर्ट गेला होता, जाऊ दे म्हटलं.

"मग बोलून कबुली द्यावी लागेल," बाई म्हणाली. "डब्यासमोर उभं राहून या फोनवर दिसतंय ते वाक्य म्हणा. दुसऱ्या भागीदाराच्या फोनवर विचारणा जाईल. त्यांनी होकार दिला की झालं."

यांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि डब्याकडे तोंड करून पुटपुटल्यासारखं म्हटलं, "हे दुकान आम्हा दोघांचं, बरोबरीने आहे."

माझ्या फोनवर प्रश्न उमटला, 'आवाज स्पष्ट ऐकू आला का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'.

"आवाज स्पष्ट ऐकू आला नाही," सवत बाहेर म्हणाली. "कृपया पुन्हा बोला."

हे सरसावून उभे राहिले. "हे दुकान आम्हा दोघांचं, बरोबरीने आहे!" शिक्षिकाबाई रस्ता ओलांडून दारात आल्या.

"आवाज स्पष्ट ऐकू आला नाही. कृपया पुन्हा बोला."

"बहिरी आहे की काय ही!" हे सवतीवर पहिल्यांदाच चिडले. मग छाती भरून असे ओरडले की बेकरीवाला हातातला ट्रे घेऊन बाहेर धावला. "हे दुकान आम्हा दोघांचं! बरोबरीने! आहे!"

मी बोट 'नाही'वरून उचललं आणि 'हो'वर टेकवलं.

"भागीदार जोडण्यात आला," सवत म्हणाली. वकीलसाहेबांनी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या आणि मग अंगातला कोट काढून काउंटरवर ठेवला. यांनी त्याला चिंधी टाचली, खिडकी उघडली आणि कोट आत सरकवला. घसा बसला होता, तरी सवयीने ओरडलेच, "अगं, काळा कोट! खळ नको!"

"ओरडू नका हो," मी म्हटलं. "मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं."