पट्टीने काढलेला भ्रंश

नकाशात अखंड रेघ म्हणजे भ्रंश, जमीन चिरून सरकते ती भेग, डोळ्यांनी पाहिला. तुटक म्हणजे अंदाज. हे मला बाबांनीच शिकवलं.

त्यांच्या नकाशात रेघ अखंड आहे, शाळेपासून दोनशे मीटर लांब. मी खणलेल्या चरात भ्रंश शाळेच्या भिंतीपासून सहा पावलांवर निघाला.

*

"आडवा सरकणारा भ्रंश तो," बाबा म्हणाले. "जमीन उभी चिरलेली. सरळच जाणार."

"आडवा नाही, उलटा आहे. एक बाजू दुसरीवर तिरकी चढलीय. असा भ्रंश टेकडी वळली की वळतो."

"चर नीट खणलास?"

"दोन्ही भिंती पाहिल्या. अगदी वरचा, नवा गाळही कापलाय. म्हणजे भ्रंश जिवंत आहे, अजून सरकतो."

"आता मुलगी बापाला शिकवणार."

"बापाचंच शिकवलेलं बोलतेय."

*

(इथे चराचं चित्र येणार होतं. चित्रात एवढंच: जुने तांबडे दगड, त्यांच्याखाली काल-परवाचा वाटावा असा राखाडी गाळ. जुनं नव्यावर चढलेलं.)

*

शाळेची इंजिनीअर: "हादऱ्यांसाठी सळ्या वाढवीन. पायाखालची जमीनच फाटून वर आली तर काय वाढवू? मुलं हलवा."

जिल्हा कार्यालयातले साहेब: "मंजूर नकाशा तुमच्या वडिलांचा आहे. तो चुकला असं त्यांनी लिहून दिलं तर शाळा बंद करतो. नाहीतर सोमवारी वर्ग भरतील."

आज शनिवार. तीन दिवस मी लिहून ठेवलेलं ते पत्र सहीसाठी बाबांच्या टेबलावर पडून आहे. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

*

"ओढ्यापर्यंत चालत गेलो होतो," ते अचानक म्हणाले. "पलीकडे काटेरी रान. तिथून पुढे पट्टी लावून रेघ ओढली."

"मग तुटक रेघ काढायची."

"आमचे तेव्हाचे साहेब तुटक रेघेला कामचुकारपणा म्हणायचे."

बोलण्यासारखं होतं, पण ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत.

*

त्यांनी कप उचलला. पत्र वाचलं. 'निरीक्षणात त्रुटी राहिली' हे मी लिहिलेलं वाक्य खोडलं आणि वर लिहिलं: 'निरीक्षण केले नाही'. सही केली. अक्षर सुवाच्य.

मी पत्र उचलायला गेले, तर त्यांनी त्यावर तळहात ठेवला.

"हा नकाशा केला त्या वर्षी असे बारा नकाशे केले आम्ही."

"त्यातले पायी फिरून केलेले किती?"

त्यांनी बोटांवर मोजलं.

"दोन," ते म्हणाले. "बाकीच्यांसाठी कोरे कागद आण."